कर्जाची फाईल परत करणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव छापायचं नाही, या अटीवर तुम्ही हे पत्र चारचौघांत वाचू द्यायला तयार झालात. तेव्हा नाव नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात तुम्ही कुणाला ओळखू येणार नाही, असं मात्र समजू नका.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. काकू बँकेत होत्या आणि निवृत्तीआधीची बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होत्या. अमेरिका त्यांनी पाहिलेली नाही. जिऑलॉजीशी, म्हणजे माझ्या विषयाशी, त्यांचा संबंध पावागडच्या डोंगराच्या पायऱ्यांपुरता. येत्या ऑगस्टात मी पीएचडीसाठी अमेरिकेला निघालेय. फी माफ, वर स्टायपेंड म्हणजे खर्चाला विद्यावेतन, आणि आमच्या घराचे कागद अजून आमच्याच कपाटात आहेत. ते तिथे राहिले काकूंमुळे.

बाबा आणि मी तुमच्याकडे आलो होतो ते कर्जाची फाईल कशी लावायची हे विचारायला. सयाजीराव विद्यापीठातलं माझं एमएससी संपत आलं होतं, पुढे तिकडे दोन वर्षांचं एमएस, म्हणजे तिकडची मास्टर्स, करायचं घरात ठरलं होतं आणि घर तारण ठेवायची बाबांची तयारी होती. तुम्ही चहा टाकलात आणि आमचाच कागद उलटा करून मागच्या बाजूला आकडे मांडायला लागलात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसातपर्यंत हमीदार चालतो, त्यापुढे घर नाहीतर ठेव. शिक्षण चालू असताना आणि संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, हे सगळेच हौसेने सांगतात. त्या काळात व्याज चालूच असतं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, हे ऐकून बाबांचा चेहरा जरा खुलला. तर तुम्ही म्हणालात, "भाऊ, वजावट मिळायला आधी व्याज भरावं लागतं."

आणि मग ते वाक्य, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. "पीएचडीला जाणारी पोरं माझ्या टेबलाशी कधी यायचीच नाहीत. आली तर तिकिटापुरती. ती का येत नाहीत ते आधी शोधून काढ, मग फाईल लावू."

फाईल आमच्या हातात परत. बाबा जिना चढताना म्हणाले, बँकवाल्या बाईने कर्जाला नाही म्हटलेलं पहिल्यांदा बघतोय.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, आणि ते आमच्या विभागात कुणी मोठ्याने कसं सांगितलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. तिकडे विज्ञानाच्या बहुतेक विभागांत एमएसचा खर्च विद्यार्थ्याने करायचा असतो. पीएचडीला मात्र विद्यापीठच फी माफ करतं आणि महिन्याचा खर्च भागेल इतके पैसे देतं. त्याच्या बदल्यात आठवड्याला वीस तासांपर्यंत पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, त्यांचे पेपर तपासायचे. नाहीतर प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करायचं. एमएस झालेलं असायलाच हवं असंही बऱ्याच ठिकाणी नसतं. सगळ्यांना हे ऐकून माहीत असतं, पण "ते हुशार पोरांसाठी" या खात्यात टाकून दिलेलं असतं.

मी हे सगळं उत्साहाने सांगत होते तर तुम्ही मध्येच गुजरातीत थांबवलंत: "पहेलां पैसानी वात कर, पछी पथ्थरनी." आणि तुमच्या वहीत तीन प्रश्न लिहिलेत. कोण देणार? किती महिने देणार? कशामुळे बंद होणार? पुढे सहा-सात महिने आपण जे जे पर्याय पाहिले ते या तीन प्रश्नांखाली मांडले. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, म्हणून तुम्हाला तो देश आवडला होता. पण मास्टर्सच्या व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून ठेवायचे म्हटल्यावर तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. इथली जेआरएफ, म्हणजे भारतात पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी सरकारी फेलोशिप, तुम्ही शेवटपर्यंत यादीत ठेवलीत: दरमहा ३७,००० रुपये, वर घरभाडेभत्ता, आणि आई-बाबा एका रात्रीच्या प्रवासावर. मी त्यासाठीची नेटची परीक्षाही दिली ती तुमच्या आग्रहाने. पर्याय हातात असला की माणूस भीक मागितल्यासारखं लिहीत नाही, असं तुमचं म्हणणं.

बडोद्याला हा प्रकार काही नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. शाळेत आम्हाला शिष्यवृत्ती शिकवली, कराराबद्दल तुमच्याकडून कळलं. तो पाळायला ते १९१७ मध्ये इथे आले, तर जातीपायी या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून हुसकावलं गेलं आणि कमाटीबागेत झाडाखाली बसायची वेळ आली. त्याची आठवण म्हणून उभारलेल्या संकल्पभूमीवरून जाताना तुम्ही म्हणालात की पैसे देणारा एक असतो आणि ज्यांच्यात राहायचं ते दुसरेच असतात, त्यांचीही चौकशी कर. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी त्या प्राध्यापकांच्या आताच्या विद्यार्थ्यांना वेगळं लिहिलं. एकीने कळवलं, "सर उत्तम आहेत, पण गेल्या उन्हाळ्यात आम्हा तिघांना पगार नव्हता." ही माहिती कुठल्याही माहितीपत्रकात छापत नाहीत.

आता एसओपीबद्दल, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहून द्यायच्या निबंधाबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण तुम्ही याचं श्रेय घ्यायला तयार नाही.

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात पृथ्वीच्या साडेचार अब्ज वर्षांपासून होती. तुम्ही चष्मा लावून पानभर वाचलंत आणि विचारलंत, "यात तू कधी येतेस?" मी म्हटलं, दुसऱ्या पानावर. "मग दुसऱ्या पानापासून पाठव." पुढे विचारलंत की मही नदीच्या काठावर तू नक्की काय करत होतीस ते मला सांग, लिहू नको, सांग. मग मी सांगायला लागले. महीच्या काठाला गाळाचे उंच कडे आहेत, जुन्या पुरांनी आणि वाऱ्याने थरावर थर रचलेले. त्यातला एखादा थर कधी साचला हे काढायचं तर त्यातले वाळूचे कण शेवटचं ऊन कधी बघून गाडले गेले ते मोजतात. म्हणून कड्याचा वरचा, ऊन लागलेला भाग खरवडून काढायचा, आत पोलादी नळी हातोड्याने ठोकायची, बाहेर काढताना तोंडं काळ्या टेपने बंद करायची आणि प्रयोगशाळेत ती फक्त मंद लाल दिव्यात उघडायची. "का?" तुम्ही विचारलंत. कारण उजेड लागला की कणांत साठलेला हिशोब पुसला जातो, मी म्हटलं. "मग ती नळी तिरकी गेली तर?" तशी एकदा गेली होती, थराची सीमा ओलांडून खालच्या थरात. तो नमुना आम्ही टाकून दिला आणि हातभर बाजूला पुन्हा नळी ठोकली. तुम्ही म्हणालात, हेच लिही. अर्ज वाचणाऱ्याला कळू दे की नमुना कधी टाकायचा हे हिला समजतं.

तसंच लिहिलं. ज्या प्राध्यापकांकडे मी जातेय त्यांनी मुलाखतीत पहिला प्रश्न त्या तिरक्या नळीबद्दलच विचारला. त्यांची स्वतःची ल्युमिनेसन्सची, म्हणजे कणांचं असं वय मोजायची, प्रयोगशाळा आहे, नळ्या तिरक्या जाणं त्यांना नवीन नसणार.

शिफारसपत्रांचं लवकर उरकलं. सही करतो, तूच लिहून आण, ही आपल्याकडची रीत तुम्हाला पसंत नव्हती आणि तिकडच्या पोर्टलवर ती चालतही नाही. पत्र भरायची लिंक थेट शिक्षकांच्या मेलवर जाते. तुम्ही सुचवलंत की प्रत्येकाला एका पानावर कामाची टिपणं दे, मॅनेजरला मंजुरीची नोट लिहायला सोपं जावं म्हणून फाईलच्या वर चिटकवतात तशी. पद मोठं असलेल्या सरांऐवजी ज्या मॅडमनी मला उन्हात नळी ठोकताना पाहिलं होतं त्यांना विचारलं. बस.

पण मला सर्वांत जड गेलं ते पैशाचं वाक्य. प्राध्यापकांना पाठवायच्या मेलमध्ये मी संशोधन, आवड, नम्र विनंती, सगळं घातलं होतं. तुम्ही शेवटी एक ओळ वाढवलीत: पुढच्या सत्रात तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का, आणि त्याच्यासाठी निधी आहे का? मला घाम फुटला. आपल्या घरांत पाहुण्याला पगार विचारत नाहीत, सरांना निधी काय विचारायचा! तुमचं उत्तर होतं की ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हा प्रश्न टोचत नाही. झालंही तसंच. काहींनी दोन ओळींत "या वर्षी नाही" कळवलं आणि त्या अर्जांची फी वाचली. एकेका अर्जाला पन्नास ते शंभर डॉलर पडतात, तेव्हा तो नकारही फायद्याचा. जिथे अर्ज केला तिथेही फी माफ होते का हे विभागाला आधी विचारलं, आणि काही ठिकाणी ती खरोखर माफ झाली. विचारलं म्हणून कुणी रागावलं नाही.

मार्चमध्ये दोन पत्रं आली. एक नावाजलेल्या विद्यापीठाचं. घरात पेढे आले, आत्यांचे फोन झाले, आणि तुम्ही ते पत्र घेऊन खिडकीपाशी बसलात. स्टायपेंडचा आकडा मोठा होता, पण नऊ महिन्यांचा. तुम्ही त्याला बाराने भागलंत. फी माफ, पण विद्यार्थी शुल्क वेगळं आणि आरोग्य विमा अर्धाच. तेही वजा केलंत. मग "निधीच्या उपलब्धतेनुसार" या शब्दांखाली रेघ ओढलीत. दुसरं पत्र कमी नावाच्या ठिकाणचं: बारा महिने, विमा पूर्ण, पहिली दोन वर्षं विद्यापीठाकडून, पुढे प्रकल्पातून. उरलेला आकडा दुसऱ्याचाच मोठा निघाला. प्रकल्पाचा पैसा तिकडच्या सरकारकडून येतो, आणि २०२५ मध्ये तो आटला तेव्हा अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या होत्या, काही ठिकाणी दिलेले प्रवेशही मागे घेतले होते. ते मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही मला आणखी एक मेल लिहायला लावलीत: प्रकल्प संपला तर तिसऱ्या वर्षी काय? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेव्हा अध्यापनाचं काम विभाग देईल, असं लेखी.

पहिल्या विद्यापीठातून लवकर कळवा म्हणून तगादा होता. निधीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंतचा वेळ असतो, असा तिकडच्या बहुतेक विद्यापीठांचा आपसात ठराव आहे. हे मी वाचून काढलं होतं, पण तो वेळ शांतपणे वापरायचा धीर तुमचा. आत्यांना मात्र अजून पटलेलं नाही. त्या भेटतील तिथे मोठ्या नावाचं विद्यापीठ सोडल्याबद्दल हळहळतात. त्यांना पुढच्या वेळी तुमच्याकडे पाठवते.

आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, आला तेव्हा त्यावरचा वर्षाचा खर्च आणि विद्यापीठाने द्यायची रक्कम यांत फरक उरला नव्हता. बाबांनी बँकेचा दाखला काढायची तयारी केली होती, ती तशीच राहिली. आई देवापाशी साखर ठेवून आली. तुम्ही विचारलंत, पहिला पगार कधी?

सप्टेंबरअखेर. आणि त्याआधी सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिकडच्या नोंदणीचे, ३५० डॉलर, व्हिसाचे १८५, तिकीट, घराची अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, एक चांगलं जाड जाकीट. फी माफ झालेली पोरं तुमच्या टेबलाशी तिकिटापुरती का यायची ते मला तेव्हा समजलं. तुम्ही ती रक्कम स्वतःच्या ठेवीतून काढून दिलीत. बाबा "देणगी नको" म्हणून अडून बसले, तर तुम्ही त्यांना सुनावलंत की परदेशी शिकायला जाणाऱ्यांना टाटांचं एंडोमेंटसुद्धा १८९२ पासून कर्जच देतंय, मी कोण फुकट देणारी? मग रीतसर कागद केलात. व्याज शून्य. पहिला हप्ता जानेवारीत. स्टायपेंड थांबला तर हप्ताही थांबेल. या तीन अटी तुमच्या.

चौथी मी घातलीय: आलेला हप्ता काकूंनी "राहू दे तुलाच" म्हणून परत पाठवायचा नाही. तिच्याखाली तुमची सही अजून झालेली नाही, आणि गेल्या रविवारी तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणालात. तो फ्रिजवर होता. या रविवारी कागद, पेन आणि चष्मा मी स्वतः शोधून समोर ठेवणार आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची