तुमची नावं विचारायचीच राहिली

बाळाची दोन्ही पावलं जन्मतःच आत वळलेली. "ग्रहणात काही चिरलंस का?" ज्याच्या त्याच्या तोंडी एवढंच. नागपुरातल्या मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं मात्र पहिल्याच दिवशी माझा हात धरून सांगितलं, "ताई, यात तुमची काही चूक नाही. हे बरं होतं."

पॉन्सेटी पद्धतीनं, म्हणजे पावलं हळूहळू सरळ वळवत, दर आठवड्याला प्लास्टर बदललं, 6 वेळा. मग टाचेमागची ताठ शीर सैल करायला छोटंसं ऑपरेशन आणि 3 आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. पैसे कोणी भरले, ते कळलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "देवाच्या घरचं आहे."

भिजवून प्लास्टर काढताना लेकरू रडलं, की एक मावशी त्याच्या तळपायावर हळूच फुंकर घालायच्या, बोटांत अडकलेले कापसाचे धागे एकेक करून वेचायच्या. त्या मावशी, ती सिस्टर, पैसे भरणारे अनोळखी हात, आणि गणेशपेठ स्टँडवर भर उन्हात बाळावर छत्री धरून उभे राहिलेले ऑटोवाले काका, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

3 महिने दिवसाचे 23 तास मधल्या पट्टीनं जोडलेले बूट होते. आता फक्त झोपताना. काल अंगणात पोरगा टाचा टेकवून उभा राहिला आणि कोंबडीमागे धावत सुटला.