फुकट रेशनमुळे लोक आळशी झाले?

संपादक साहेब,
फुकट रेशनमुळे लोक आळशी झाले, शेतात मजूर मिळत नाही असं हल्ली जो तो म्हणतो, पण अहो माणशी महिन्याला ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम, एवढ्यावर कोण घरी बसेल? तेल, डाळ, गॅस, पोरांची फी हे कमवावंच लागतं ना. खरा त्रास वेगळाच आहे, रेशनचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा पण लाभार्थ्यांचा आकडा अजून २०११ च्या जनगणनेवरच अडकलाय, त्यामुळे नंतर आलेल्या सुना, जन्मलेली पोरं यांची नावं कार्डात चढवायला गेलं की इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला लाभार्थ्यांचा कोटा, संपला म्हणतात. म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत ते अजून निराळंच. आपल्या सरकारने केंद्राकडे इष्टांक वाढवून मागावा, आणि तोही लवकर.
- एक वाचक, बीड