हिवाळ्यात कोंबड्या अंडी का देत नाहीत?

संपादक महोदय,

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परसात चार-सहा कोंबड्या असतात. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, मग बंदच पडतात, आणि दोष थंडीला दिला जातो. खुराडे गोणपाटाने गच्च बंद केले जाते, मक्याची मूठ दुप्पट होते. या दोन्ही उपायांनी अंडी येत नाहीत, उलट कोंबडीचे नुकसान होते. म्हणून हे पत्र.

खरे कारण उजेडाचे आहे. कोंबडीला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळत नाही. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूतल्या प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो. तिथून निघणारी संप्रेरके अंडाशयाला बलक वाढवण्याचा आदेश देतात. अंडी नियमित येण्यासाठी रोज 14 ते 16 तास उजेड लागतो. तो 12 तासांच्या खाली गेला, त्यातही दिवसेंदिवस घटत गेला, की हा आदेश मंदावतो. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हिवाळ्यातला दिवस लहान, म्हणून तिथे अंडी पूर्ण थांबतात. जवळच्या प्रदेशांत ती नुसती कमी होतात. थंडीचा वाटा दुय्यम आहे. अंग ऊबदार ठेवण्यात खाद्य जास्त खर्च होते, पण पोटभर खाद्य आणि कोरडी जागा असलेली कोंबडी बऱ्यापैकी थंडी सोसते.

घटत्या दिवसांबरोबर दुसरी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे पिसे झडणे. जुनी पिसे आधी डोके आणि मानेवरून, मग छाती व पाठीवरून, शेवटी पंख आणि शेपटीतून गळतात. हा क्रम लक्षात ठेवावा. फक्त पाठीवर किंवा शेपटीखाली टक्कल पडले असेल तर ते नैसर्गिक झडणे नव्हे. उवा, पिसांतले बारीक किडे (माइट) किंवा दुसऱ्या कोंबड्यांचे टोचणे असू शकते. पिसांचा सुमारे 85 टक्के भाग प्रथिनांचा असतो. एकाच वेळी नवी पिसे आणि अंडी दोन्ही घडवणे कोंबडीच्या शरीराला झेपत नाही, म्हणून अंडी थांबतात. हे 8 ते 12 आठवडे चालते. याला आजार समजून औषधे पाजणे थांबले पाहिजे. त्या काळात 18 ते 20 टक्के प्रथिनांचे खाद्य द्यावे आणि कोंबडीला शक्यतो हाताळू नये. उगवत्या पिसांत रक्त असते, दाबली गेली की दुखतात.

आता मक्याचे बघू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 120 ग्रॅम खाते. 16 टक्के प्रथिने आणि 3.5 टक्के कॅल्शियमचे लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) तेवढे मिळाले, तर 19.2 ग्रॅम प्रथिने व 4.2 ग्रॅम कॅल्शियम पोटात जाते. त्यातले 40 ग्रॅम काढून मका दिला की प्रथिने 16 ग्रॅमवर आणि कॅल्शियम 2.8 ग्रॅमवर येते, कारण मक्यात प्रथिने 8-9 टक्के आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. एका अंड्याच्या कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. उरलेले कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. कवच पातळ होते, पाय दुबळे होतात, वर चरबी साठते. दाणा द्यायचाच तर संध्याकाळी, एका कोंबडीमागे 10-12 ग्रॅम, त्याहून अधिक नाही. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला हवा ती खाते.

पाण्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. अंड्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच आहे. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, पण ते बर्फासारखे गार असेल तर पिणे कमी करते, आणि अंडे अडते. सकाळी ताजे, कोमट पाणी भरावे.

खुराडे गच्च बंद करणे ही तर घातक चूक आहे. श्वासाची व विष्ठेची ओल आत कोंडते, अमोनिया साचतो, आणि श्वासाचे विकार जडतात. आत वाकल्यावर नाकाडोळ्यांना झोंबत असेल तर हवा खराब आहे. बसायच्या दांडीच्या पातळीवर वारा अडवावा, पण छपराखालचे झरोके उघडेच ठेवावेत.

कृत्रिम उजेड द्यायचा की कोंबडीला विश्रांती द्यायची, हा निर्णय मालकाचा. उजेडाने कोंबडीची अंडी 'संपतात' हे खरे नाही. ती देते त्याहून कितीतरी जास्त बीजे तिच्या अंडाशयात असतात. तरीही पिसे झडत असलेल्या कोंबडीला उजेड देऊन जुंपू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. 16 आठवड्यांखालच्या तलंगांनाही देऊ नये. त्या अकाली अंड्यावर येतात, अंडी लहान पडतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका असतो.

द्यायचाच असेल तर दिवस आखडू लागताच सुरुवात करावी. पिवळसर एलईडी दिवा घ्यावा. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरे. वाढ पहाटेच्या बाजूने करावी, कारण रात्री दिवा एकदम विझला की कोंबड्या दांडीवर न चढता जमिनीवरच अडकतात. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण 14 तासांवर थांबावे. सूर्य 7 ला उगवून 6 ला मावळत असेल, तर शेवटी दिवा पहाटे 4 ला लागेल, आणि तिथवर पोहोचायला 6 आठवडे जातील. टायमर हवाच. चार-पाच दिवसांचा खंड पडला तरी ऐन थंडीत पिसे झडू शकतात. तापणारे बल्ब भुशाजवळ टांगू नयेत, आग लागते.

परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी कोंबडी तपासावी. तुरा लाल, भरलेला आणि शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांत दोन-तीन बोटे मावत असतील, तर ती अंडी देतच आहे. झुडपात, कडब्यात शोधावे, किंवा एखादी अंडी फोडून खाते का ते पाहावे. तुरा फिका, आकसलेला आणि हाडांत जेमतेम एक बोट, तर ती खरोखर थांबली आहे. पण पिसे शाबूत असताना कोंबडी मलूल बसते, वजन घटते, विष्ठा पातळ होते, तर उजेडाचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्यकाला दाखवावे. जंतांची शंका असली तरी विष्ठा तपासूनच औषध द्यावे, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांनाच विचारून घ्यावे.

आपले,
परसातील कोंबड्या पाळणारे काही वाचक