पेडलला पाय लावण्याविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईने फोनवर विचारलेला प्रश्न सविस्तर उत्तर द्यावे असा आहे, म्हणून हे पत्र. वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला ज्या घरात शिकवले, त्या घरातली मुलगी गिटार वाजवताना आवाज बदलणाऱ्या छोट्या पेट्या, म्हणजे पेडल्स, पायाने कशी दाबते, असे तिने विचारले होते. आई, गिटार वाजवताना दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात, आणि चालू गाण्यातच आवाजाचा रंग बदलायचा तर मोकळा राहतो तो पायच. संगीत नाटकांना साथ करणारे ऑर्गनवादकही भाता पायानेच चालवत, आणि त्यात कोणाला अनादर दिसला नाही. मी ही पेडल्स अनवाणीच दाबते, हेही तुला सांगायचे होते.

बाबांची शंका अधिक मुळाशी जाणारी आहे: वाद्याचा मूळ आवाज चांगला असताना तो बदलायचा कशाला? बाबा, माझ्या गिटारचे अंग भरीव लाकडाचे आहे. ती विजेशिवाय वाजवली तर शेजारच्या खोलीतही नीट ऐकू येत नाही. तारेचे कंपन पिकअपमधून, म्हणजे तारांखाली बसवलेल्या कंपन टिपणाऱ्या उपकरणातून, अगदी क्षीण विद्युत्-संदेश होऊन बाहेर पडते आणि त्याला आवाजाचे रूप पुढच्या विद्युत्-मंडलांतच मिळते. तंबोऱ्याला जसा भोपळा, तशी या वाद्याला ही मंडले आहेत. ती वगळून उरणारा मूळ आवाज असा काही नसतोच.

माझे सर्वांत आवडते पेडल फझचे, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारे, आहे. 1960 च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ध्वनिमुद्रणात कन्सोलमध्ये, म्हणजे आवाजांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रात, बिघाड झाला आणि वादक ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज खरखरीत, फाटलेला उमटला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम ट्रान्झिस्टर या छोट्या इलेक्ट्रॉनिक घटकाने मुद्दाम घडवला आणि 1962 मध्ये गिब्सन कंपनीने मेस्ट्रो फझ-टोन या नावाने ते यंत्र बाजारात आणले. माझ्याकडे आहे ती 1966 साली लंडनमध्ये निघालेल्या फझ फेस या पेडलची अलीकडची प्रतिकृती. तिच्यात जर्मेनियमचे अवघे दोन ट्रान्झिस्टर आहेत, आणि ते तापमानाला इतके हळवे असतात की उन्हाळ्यातल्या दुपारी आणि थंडीतल्या सकाळी तेच पेडल वेगळे बोलते. मला हा दोष वाटत नाही. तंबोरासुद्धा हवेप्रमाणे रोज लावावाच लागतो.

आई, या पेडलमध्ये घडते ते तुझ्या कानाला अनोळखी नाही. विद्युत्-लहरीचा माथा कापला गेला की मूळ स्वराबरोबर पुष्कळ उपस्वर जागे होतात, आणि तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा सरकवून तू उपस्वरांनाच तर बोलावतेस. मात्र इथे एक पथ्य आहे. दोन स्वर एकत्र छेडले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे तिसरेच स्वर निर्माण होतात, त्यामुळे गंधारासह पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरसमूह, गढूळ होते. षड्ज-पंचमाची जोडी तेवढी स्वच्छ राहते. रॉक संगीतात षड्ज-पंचम इतके का ऐकू येतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. शिवाय गिटारवरचे आवाज कमी-जास्त करणारे बटण थोडे मागे फिरवले की हेच पेडल निवळते, म्हणजे सगळा लगाम हातातच असतो.

दुसरे पेडल आयबानेझ या जपानी नाममुद्रेचे ट्यूब स्क्रीमर. त्याविषयी थोडक्यातच लिहिते: ते लहरीचे माथे हलक्या हाताने गोलसर करते, खर्ज कमी करते आणि मधला पट्टा उचलते, त्यामुळे ड्रम आणि बेसच्या गर्दीतही गिटार वेगळी ऐकू येते. टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन ते वापरत असे.

तिसरे मात्र बाबांसाठी. बॉस या कंपनीचे डीएम-2 हे 1981 चे डिले पेडल स्वर उशिरा परत ऐकवते. त्यातल्या चिपमध्ये 4096 टप्पे असतात आणि विद्युतभार ठरावीक ठेक्यावर एका टप्प्यातून पुढच्यात सरकत जातो. ठेका मंदावला की स्वर अधिक उशिरा बाहेर पडतो. दर पुनरावृत्तीत वरचे उपस्वर गळत जातात, म्हणून मागचा प्रतिध्वनी ताज्या स्वरावर कुरघोडी करत नाही. पुढे आलेल्या डिजिटल पेडल्सचा प्रतिध्वनी हुबेहूब असतो, तरी मला हा मऊ आवाज अधिक संगीतमय वाटतो. याचा विलंब जास्तीत जास्त 300 मिलिसेकंद. बाबा, मिनिटाला 100 मात्रांची लय धरली तर एक मात्रा 600 मिलिसेकंदांची होते. म्हणजे मी मात्रेवर एकेक स्वर वाजवला की प्रतिध्वनी बरोबर अर्ध्या मात्रेवर येतो आणि ऐकणाऱ्याला दुगुन, म्हणजे दुप्पट लय, ऐकू येते. लय तसूभर ढळली तर तो लगेच उघडे पाडतो. तुमच्या तबल्यासोबत रियाज करताना जी शिस्त लागली, ती इथे रोज उपयोगी पडते.

या पत्रासोबत पेन ड्राइव्हवर एकच ओळ चार प्रकारे वाजवून पाठवली आहे: आधी पेडलविना, मग प्रत्येक पेडलसह. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकू येणार नाही, म्हणून हेडफोन लावून ऐका. फझच्या तुकड्यात पंचम किंचित उतरल्यासारखा मला वाटतो, त्याविषयी आईने स्पष्ट सांगावे. आणि शेवटच्या तुकड्यात दुगुन कुठे घसरते का, ते बाबांनी टाळी धरून पाहावे.

तुमची लेक