त्रुटी

सावदा, 16 नोव्हेंबर 2025

चि. पल्लवीस,
नानांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "ठीक आहे नाना" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं "ठीक आहे" मी दहावीच्या निकालापासून ओळखतो, म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला गेलो की मध्येच तुझी आई फोन ओढून घेते आणि गाडी वांग्यांवर जाते.

तुझा कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज नाकारल्याचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुला त्यात अपमान दिसला, मला कारकून दिसला. एकतीस वर्षं कचेरीत घातली आहेत बाई मी. "अटीची पूर्तता होत असल्याबाबत खात्री पटत नाही" हे वाक्य माझ्या हातून किती फायलींवर गेलं असेल त्याची गणती नाही. लिहिताना समोरचा माणूस डोळ्यांपुढे नसतोच. जेवणाच्या सुट्टीआधी अजून सहा फायली उरकायच्या असतात.

घरी कधी बोललो नाही, ते आज सांगतो. निराधार योजनेचा एका म्हातारीचा अर्ज होता, वयाचा पुरावा नव्हता. मी त्रुटीचा शेरा मारून परत पाठवला. नियमाने बरोबरच. सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. तोच अर्ज, तीच त्रुटी, फक्त या वेळी पाया पडायला वाकली. तिला शेरा वाचता येत नव्हता. साहेब रागावलेत म्हणून काम होत नाही, अशी तिची समजूत. त्या दिवशी मी तिला स्वतः ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि वयाचा दाखला काढून दिला. काम झालं. पण ते सहा महिने माझ्या खात्यावर आहेत.

तुझ्या फायलीतली त्रुटी साधी आहे. कॅनडातल्या अनुभवावर अर्ज करायचा तर मागच्या तीन वर्षांत एक वर्षाचं कुशल काम लागतं, म्हणजे 1,560 तास. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम त्यात धरत नाहीत. तू एप्रिलमध्ये अर्ज भरलास तेव्हा चौदा महिने दाखवलेस, त्यातले पाच कॉलेज चालू असतानाचे. उरले नऊ. तो अधिकारी चुकला नाही, पल्लवी. निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत कोर्टात जाता येतं असं तू म्हणत होतीस, पण कोर्ट फार तर फाईल पुन्हा तपासायला लावेल, तुझे महिने काही वाढवून देणार नाही. त्या वकिलाचे पैसे वाचले असं समज.

आणि गंमत बघ. कॉलेज संपल्यावर, जुलै 2024 पासून मोजलं तर आज तुझे सोळा महिने झालेत. तीन महिने थांबली असतीस तर 950 डॉलर गेले नसते. (त्याशिवाय भरलेले 575 परत आले, तेवढे तरी त्यांनी ठेवून घेतले नाहीत.) घाई कोणी केली ते मला ठाऊक आहे. दर रविवारी "काय झालं, काय झालं" विचारणारा मीच होतो.

आधी एक कर. अधिकाऱ्याने फायलीवर काय टिपण लिहिलंय ते पाच डॉलर भरून मागता येतं ना, ते मागव. आपल्याकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, त्यातलाच प्रकार. नकाराच्या पत्रात अर्धं असतं, खरं कारण टिपणात असतं. तिथे दुसरी एखादी शंका नोंदवली असेल तर पुन्हा अर्ज भरण्याआधी कळलेली बरी.

दुसरं, तुझ्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल जानेवारी 2024 चा आहे आणि तो दोनच वर्षं चालतो. डिसेंबरात पुन्हा बस. पीआरसाठी वयाचेही गुण धरतात. तीस पूर्ण झाली की ते 110 वरून 105 वर येतात, म्हणजे तुझ्या हातात ऑगस्टपर्यंतचा वेळ. तिशीच्या बाबतीत तुझी आई आणि कॅनडा सरकार यांचं एकमत आहे, हे वाचून मी एकटाच हसलो. फ्रेंच मध्येच सोडू नकोस. फ्रेंच येणाऱ्यांना वेगळ्या फेरीत बोलावतात, असं तूच सांगितलं होतंस.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहितोय ते. तुझ्या मामाने जळगावच्या एका एजंटाशी गाठ घालून दिली. एसीचं ऑफिस, भिंतीवर विमानांची चित्रं. एजंट म्हणाला, जुना नकार लिहूच नका, नवीन प्रोफाइल काढा, आणि अनुभवाचं पत्र हवं तसं मिळवून देतो. मी चहा तसाच ठेवून उठलो. मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. अगं, नकार त्यांच्याच दप्तरात आहे, तो त्यांच्यापासून काय लपवायचा? फॉर्ममध्ये सरळ विचारलंय, आधी कधी नाकारलं होतं का. तिथे "हो" लिही, तारीख घाल, कारण दोन ओळींत लिही. नाकारलेला माणूस पुन्हा अर्ज करू शकतो. खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद. कचेरीत आम्ही अपुरी फाईल परत पाठवायचो. खाडाखोड केलेली मात्र साहेबांच्या टेबलावर जायची, आणि तिथून ती कुठे जायची ते तुला सांगायला नको.

तुझ्या आईचं म्हणणं वेगळंच आहे. "पोर तिकडं एकटी काय खाऊ राहिली असन, तिले म्हना घरी ये." खोटं कशाला बोलू, नकार आला त्या रात्री मलाही बरं वाटलं होतं. ओट्यावर बसून मनातल्या मनात तुझी खोलीसुद्धा रंगवून टाकली. सकाळी तुझा फोन आला, आवाज बसलेला, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

इकडे थंडी पडायला लागली आहे. काकाची कांदेबाग केळी लावून झाली, आता थंडीचा चरका बसू नये म्हणून तो रात्री पाणी देतो. मागे केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला तेव्हा काकाने अख्खी बाग उपटली होती आणि महिनाभर शेताकडे फिरकला नव्हता. बामणोदची वांगी आली, काल तुराट्यांवर भाजली. कळण्याची भाकरी होती. तुझ्या आईने एक भाकरी जास्त थापली आणि मग म्हणाली, हात सवयीने चालतो.

कंपनीकडून अनुभवाचं पत्र घेशील तेव्हा त्यात काम काय करतेस, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा हे सगळं हवं. लेटरहेड आणि सही बघ. अर्ज भरण्याआधी त्याचा फोटो मला पाठव. इंग्रजी मला जेमतेम येतं, पण तारखा मी जुळवून बघतो.

तुझे
नाना