म्युनिकमध्ये ऑफिस सुटल्यावर: जा, आणि बेत तुम्हीच आखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीसाठी जर्मनीला जाणाऱ्या मुलांना काय सांगावं, यावर आपल्या दैनिकात सध्या पत्रं येत आहेत. एका पालकांनी लिहिलं, ऑफिस सुटल्यावरच्या पिण्याच्या बैठकांपासून चार हात लांबच राहा. त्यांना उत्तर देताना दुसऱ्या वाचकांनी ‘देश तसा वेश’ म्हटलं. दोन घोट घेतल्याने कुणी बिघडत नाही, असंही. मी बरीच वर्षं म्युनिकमध्ये नोकरी करते. दारू घेत नाही. आणि आमच्या विभागाच्या अशा संध्याकाळी बहुतेक वेळा मीच ठरवते. मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. मुलांनी जावं, पिऊ नये वाटलं तर पिऊ नये, आणि जमेल तितक्या लवकर बेत ठरवण्याचं काम स्वतःकडे घ्यावं. कारण कुठे बसायचं, किती वाजता, खायला काय, हे जो ठरवतो त्याच्याच हातात असतं की कोण येऊ शकेल आणि कोण घरी राहील.

जाणं का गरजेचं, ते आधी सांगते. जर्मन ऑफिसात कामाच्या वेळेत काम चालतं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातही निम्मी बोलणी कामाचीच. माणूस म्हणून तुमची ओळख होते ती संध्याकाळी, लाकडी बाकावर शेजारी बसल्यावर. म्युनिकमध्ये भाड्याने घर मिळवणं किती जिवावर येतं, ते इथे राहिलेल्या कुणालाही विचारा. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना घर मिळालं ते जाहिरातीतून नाही, तर ‘माझ्या बहिणीच्या इमारतीत एक रिकामं होतंय’ या वाक्यातून. कोणता बालरोगतज्ज्ञ नवे पेशंट घेतो, कुठल्या पाळणाघराची यादी लवकर पुढे सरकते, कोणत्या टीममध्ये जागा निघणार आहे, हे सगळं तिथेच कळतं. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणंही बहुतेकदा अशाच एखाद्या संध्याकाळी होतं.

आता आपल्या मुलांचं नेमकं कुठे अडतं, ते. आपल्याकडे कुणी ‘चला’ म्हटलं की आपण आधी ‘नको नको’ म्हणतो. समोरचा आग्रह करतो, मग आपण निघतो. इथे आग्रह ही चीजच नाही. तुम्ही नाही म्हणालात की ते नाही समजतात, आणि तुमच्या मताचा मान राखायचा म्हणून पुन्हा विचारत नाहीत. आमच्या विभागात विदर्भातला एक मुलगा आला होता, कामात अतिशय हुशार. पहिल्यांदा तो म्हणाला, ‘मी पीत नाही.’ पुढच्या वेळी म्हणाला, ‘घरी जाऊन स्वयंपाक करायचाय.’ त्यानंतर त्याला कुणी विचारेना. त्याचा समज झाला की आपल्याला वगळलं, आणि बाकीच्यांचा समज झाला की याला आपल्यात यायचं नाही. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. मी त्याला एकच सांगितलं: कारण देऊ नकोस, पर्याय दे. ‘मी पीत नाही’ म्हणायच्या ऐवजी ‘येतो, माझ्यासाठी आप्फेलशोर्ले’ म्हण. पुढच्याच आठवड्यात तो आला आणि शेवटपर्यंत बसला.

आप्फेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. मोठ्या ग्लासात येतं, रंगाने बिअरच्या जवळ जातं, आणि इथले पुष्कळ जर्मनच ते पितात. शिवाय श्पेत्सी आहे, म्हणजे कोला आणि संत्र्याचं पेय एकत्र. बिनअल्कोहोलची गव्हाची बिअरही सगळीकडे मिळते, पण तिच्यावरच्या ‘अल्कोहोलफ्राय’ या लेबलाचा अर्थ पूर्ण शून्य असा नसतो. कायद्याने त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं. ज्यांना अजिबात नको, त्यांनी शून्य पूर्णांक शून्य लिहिलेली बघून घ्यावी. जर्मनीच्या कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आहे: बसून प्यायला दारू देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी किमान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग नसलं पाहिजे, आणि हा हिशेब लिटरमागेही लागू पडतो. २०२४च्या उन्हाळ्यात तर म्युनिकच्या मुख्य स्टेशनजवळ पूर्ण बिनदारूचं बिअर गार्डन (झाडांखाली बाक-टेबलं मांडलेली उघड्यावरची खाण्यापिण्याची जागा) सुरू झालं होतं.

मग ‘ग्लासाला ग्लास टेकवायचा कसा’ अशी भीती मुलांना वाटते. सगळ्यांची पेयं येईपर्यंत थांबायचं, टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एवढंच. ग्लासात काय आहे, हे कुणी बघत नाही.

म्युनिकमध्ये राहणाऱ्या शाकाहारी मराठी माणसासाठी बिअर गार्डनइतकी सोयीची दुसरी जागा मला माहीत नाही. कारण तिथे घरचं खाणं नेता येतं. हे कुणाच्या कृपेवर चालत नाही, त्यामागे दोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, पूर्वी आगीच्या भीतीने उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर. म्हणून उन्हाळ्याची बिअर मार्चपर्यंत बनवून तळघरांत साठवायचे. तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, कारण त्यांची मुळं खोल जात नाहीत आणि सावली दाट पडते. लोक त्या सावलीत येऊन बसायला लागले, तसा शहरातल्या खानावळवाल्यांचा धंदा बुडायला लागला. त्यांनी तक्रार केली. तेव्हा ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्स योसेफ याने तोडगा काढला: बिअर बनवणाऱ्यांनी तळघरावर बिअर आणि पाव विकावा, बाकीचं खाणं विकू नये. लोक घरून डबे आणायला लागले. पुढे खाणंही विकायची मुभा मिळाली, पण डबा आणायची रीत टिकली, आणि आज बव्हेरियाच्या नियमांतही बिअर गार्डनची ओळख म्हणून तिचा उल्लेख आहे.

तर मी थालीपीठं नेते. सकाळी भाजणीची चार-पाच जास्त लावायची, फडक्यात गुंडाळायची, बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि काकडी. माझ्या शेजारी बसणारा बव्हेरियन सहकारी घरून मुळ्याच्या मीठ लावलेल्या चकत्या आणतो. त्या मुळ्याबरोबर आपली चटणी काय लागते, ते तिथे बसून खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. आता बैठक ठरली की तोच आधी मला विचारतो, चटणी आणणार ना. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. टेबलावर कापड घातलेलं असेल तर तिथे वेटर येतो, तिथे घरचं काढायचं नाही. उघड्या लाकडी टेबलांवरच काढायचं. आणि पेय मात्र तिथलंच विकत घ्यायचं, पाण्याची बाटलीसुद्धा घरून नाही.

ज्यांना तिथलं खायचंय त्यांनाही एक सांगते, कारण यात आपली माणसं फसतात. बव्हेरियन बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुधा मांसाचं सूप घातलेलं असतं. लाल कोबीत किंवा साउअरक्राउटमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोबीत, डुकराची चरबी असू शकते. विचारूनच घ्यावं. ओबाट्झ्दा हे चीज, लोणी आणि कांद्याचं पसरवायचं मिश्रण ब्रेझल या वेटोळ्या खारट पावाबरोबर छान लागतं. त्यात कधी कधी थोडी बिअर घालतात, तेही विचारावं.

आता ठरवण्याविषयी. जागा निवडताना मी आधी रेल्वेचा नकाशा बघते. म्युनिकच्या बहुतेक सगळ्या लोकल गाड्या शहराच्या मधल्या एकाच मार्गावरून जातात: हाकरब्रुके, मुख्य स्टेशन, मारिएनप्लात्झ, पूर्व स्टेशन. नवी मुलं शहरात राहत नाहीत, कारण परवडत नाही. ती डाखाउ, फ्राइझिंग, एर्डिंगच्या बाजूला लांब राहतात. कुणी हौसेने नदीकाठचं एखादं सुंदर पण आडबाजूचं ठिकाण ठरवलं की त्यांना दोन गाड्या आणि एक बस बदलावी लागते, आणि ती येतच नाहीत. म्हणून मी ऑगस्टिनर केलर हे बिअर गार्डन ठरवते. हाकरब्रुकेवरून चालत काही मिनिटांवर आहे. थोडा वेळ हाताशी असेल तर हिर्शगार्टन हे दुसरं बिअर गार्डन. तिथे आठ हजारांच्या आसपास लोक बसतात आणि शेजारी कुंपणात हरणं आहेत. त्या नावाचं स्टेशनही त्याच मार्गावर आहे.

वार गुरुवार बरा, कारण शुक्रवारी बरेच जण घरून काम करतात. पण वेळेचा मुद्दा वाराहून मोठा आहे आणि त्यात मी हट्ट धरते. सात वाजता बसायचं ठरलं की लहान मुलं असलेल्या बायका गळतात. पाळणाघर त्याआधीच बंद होतं आणि सातला मुलांना झोपवायची वेळ. आमच्याकडे एक बैठक साडेचारला ठेवली, आणि मुलांना घेऊन या असं निमंत्रणातच लिहिलं. मोठ्या बिअर गार्डनांत खेळायची जागा असते. मुलं खडीत आणि घसरगुंडीवर, आईच्या डोळ्यांसमोर, बाकीचे मागाहून येऊन मिळतात. एरवी कधी न दिसणारी आमची एक तमिळ सहकारी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोहोचली होती. ज्यांना रात्री पुढे शहरातल्या ग्लोकनबाख भागातल्या बारमध्ये जायचं ते जातात, त्यांना कोण अडवतं?

पालकांना ‘रात्री उशिरापर्यंत’ ही काळजी असते, ती समजते. बव्हेरियाचा १९९९चा बिअर गार्डन नियम सांगतो: दहाला संगीत बंद, साडेदहाला पेयं देणं बंद, अकराला सगळे बाहेर. हा नियमही लोकांनी भांडून मिळवला. १९९५ साली एका जागेच्या शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून कोर्टाने लवकर बंद करायला लावलं, तेव्हा हजारो म्युनिककर मोर्चा काढून रस्त्यावर आले होते. मुद्दा असा की कामाच्या दिवशी अकराच्या पुढे ही बैठक रेंगाळत नाही. गाडी चालवणाऱ्यांनी मात्र नीट लक्षात ठेवावं: रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा हजारी ०.५ आहे, आणि २१ वर्षांखालच्यांना व नवं लायसन्स मिळून अजून चाचणीच्या मुदतीत असलेल्यांना शून्य. भाड्याच्या, उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरलाही मोटारीचेच नियम. मजा म्हणून पिऊन स्कूटरवर निघालेल्या मुलांची लायसन्सं गेलेली मी पाहिली आहेत.

पैशांचं थोडक्यात. प्रत्येक जण आपलं आपण देतो, त्यात कुणाला कमीपणा नाही. आपल्या मुलांनी संकोचाने सगळ्यांचं बिल भरू नये. लिटरची एक बिअरच दहा युरोच्या आसपास जाते. वेटर असेल तिथे टिपसकट आकडा बोलून पैसे द्यायचे: बिल १७.६० असेल तर १९ म्हणायचं.

ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकच्या मोठ्या वार्षिक बिअर उत्सवाबद्दल मला वेगळं म्हणायचंय. तिथे टेबल दहा जणांचं, आगाऊ आरक्षण, आणि माणशी दोन लिटर बिअर व अर्धी कोंबडी अशी कुपनं बहुतेक आधीच घ्यावी लागतात. २०२५ साली लिटरचा भाव साडेचौदा युरोंपासून पुढे होता. कंपन्या ही टेबलं घेतात आणि सगळ्यांना खूश केल्यासारखं समजतात. न पिणाऱ्या, कोंबडी न खाणाऱ्या माणसाला त्या तंबूत काय हाती लागतं? वर्षातून एकदा बघायला जरूर जावं, पण विभागाची एकत्र संध्याकाळ म्हणून ते धरू नये. माझ्या कंपनीत मी हे लेखी कळवलं आहे, आणि इथल्या मराठी वरिष्ठांनीही आपापल्या ठिकाणी कळवावं. टीम लीड झालेली आपली माणसं आता या शहरात कमी नाहीत. जर्मन साहेबाच्या ध्यानातच येत नाही म्हणून राहून जाणाऱ्या गोष्टी त्यांच्या ध्यानात यायला हव्यात. त्यांनी गप्प बसावं, याचं मला खरोखर दुःख होतं.

बेत ठरवणाऱ्याने तारीख दोन-तीन आठवडे आधी कॅलेंडरात टाकावी, कारण इथे आयत्या वेळी कुणी उठून येत नाही. पाऊस आला तर आत कुठे बसायचं, ते त्याच निमंत्रणात लिहावं. आणि नवा मुलगा किंवा मुलगी येणार असेल तर कुणीतरी हाकरब्रुके स्टेशनवर त्यांना घ्यायला थांबावं. पाच हजार माणसांच्या गर्दीत, भाषा धड येत नसताना, चेस्टनटखाली एकसारख्या दिसणाऱ्या टेबलांमधून आपलं टेबल शोधत फिरणं फार अवघड जातं, आणि पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात.

आपली,
एक वाचक, म्युनिक