नानांना पावती

तीर्थस्वरूप नाना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही ‘हं’ म्हणून पेपर उघडाल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

सुरुवात मिसळीपासून झाली हे लोकांना अजून खरं वाटत नाही. रस्सा कढत होता, मी फुंकर मारत होते आणि उजव्या हातातला पाव गळून ताटलीत पडला. पाच मिनिटांत हात पूर्ववत. आम्ही हसण्यावारी नेलं. ‘हसू नका, डॉक्टर गाठा,’ म्हणालात ते फक्त तुम्ही. जन्मभर कंपाउंडरकी केलेला माणूस!

आजार निघाला मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या अरुंद होत जातात, भोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं माजतं आणि अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं, म्हणून हे जपानी नाव. जोरात फुंकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या वाहिन्या आखडतात. पाव पडला तो त्यामुळे.

बायपास म्हटलं की लोक छातीकडे बघतात. आमच्या आत्याबाईंनी तर टाके दाखव म्हणून पदराकडे बोट केलं. माझी कानासमोरची, कातडीखालची धमनी कवटी उघडून मेंदूवरच्या धमनीला जोडलीय, केसाहून बारीक दोऱ्यानं. हे ऑपरेशन 1967 पासून होतंय म्हणे. माझ्यापेक्षा वयानं मोठं निघालं, तेवढाच धीर.

हॉस्पिटलात रात्रीची पाळी तुम्ही घेतलीत, म्हणून ह्यांना चार तास झोप मिळाली. तिसऱ्या दिवशी माझे शब्दच हरवले. तहान लागली होती आणि तोंडातून येत होतं ‘पावती’. दोनदा, तीनदा. मला रडू फुटलं. तुम्ही ग्लास पुढे केलात, ‘पावती नंतर फाडू, आधी पाणी पी.’ नव्या वाटेनं एकदम जास्त रक्त आलं की असं होतं, बीपी आवरलं की निवळेल, असं डॉक्टर सकाळी म्हणाले. निवळलंही, आठवड्याभरात. पण ती रात्र तुमच्या त्या एका वाक्यावर निघाली.

घरी आल्यावर दोन वेळा बीपी मोजून तुमच्या त्या लाल वहीत नोंद. पाणी कमी प्यायले की रागवायचात. घास घ्यायला जबडा उघडेना तेव्हा खिमट तुमच्याकडूनच यायचं. (मीठ कमी असायचं, आज सांगते.)

आणि चष्मा! डावी काडी नेमकी त्या जोडलेल्या धमनीवर दाबायची. दाब पडू द्यायचा नाही, हे तर बजावलेलं. तुम्ही चष्मा घेऊन मेन रोडला गेलात आणि डावी काडी काढूनच आणलीत. ती पेपरात गुंडाळून माझ्या उशाशी ठेवलीत, ‘पुढे लागली तर.’ एका कानावर लटकलेला तो चष्मा घालून मी महिनाभर वाचलं. पोरं हसायची, मीही हसायचे.

काल पहिल्यांदा एकटी जिना चढून तुमच्याकडे आले. तुम्ही काही बोलला नाहीत. चहा बशीत ओतलात, निवू दिलात आणि मग माझ्यापुढे सरकवलात.

त्या रात्रीचं पाणी पोचलं, नाना. ही त्याची पावती.

तुमची,
खालच्या मजल्यावरची
गंगापूर रोड, नाशिक